वर्लिनचा तक्ता

"ज्याचा तक्ता येणार नाही, त्याची जागा रिकामी ठेवायची," मिसेस कुंकेल म्हणाल्या होत्या. "कितीही कीव आली तरी आपण भरायची नाही. एवढं पाळ, बाकी तुझ्या मनाप्रमाणे कर."

टेसानं मान हलवली आणि तिथंच विसरून गेली. तिच्या खांद्यावर नऊ महिन्यांची ओपल लाळ गाळत होती, काखेत जुन्या तक्त्यांनी भरलेला बुटांचा खोका होता, आणि डोक्यात एवढंच होतं, की गाडीतली बाळाची खुर्ची नीट अडकली आहे ना. सव्वीस वर्षं वाचनालय सांभाळून आता ते टेसाकडे सोपवणाऱ्या बाईच्या हातून नियम लावल्याशिवाय काही सुटत नाही, असं ती घरी येऊन नवऱ्याला म्हणालीसुद्धा. कोल्बी हसला. "रिकामी ठेवली काय, भरली काय. बास्केटबॉल आहे, मतदान नाही."

ही गोष्ट जानेवारीतली. मग मार्च आला.

मार्चच्या मध्यावर एका रविवारी संध्याकाळी जोड्या जाहीर होतात. देशभरातल्या कॉलेजांचे चौसष्ट संघ, हरला तो घरी. कोण कोणाला हरवणार ते पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत, त्रेसष्टच्या त्रेसष्ट, आधीच एका तक्त्यावर लिहून द्यायचं. गुरुवारी दुपारी पहिला चेंडू वर उडाला की मग खाडाखोड नाही. इंडियानाच्या दक्षिणेला, जिथं प्रत्येक कोठाराच्या भिंतीवर बास्केटबॉलची एक बिनजाळीची कडी ठोकलेली असते, तिथं या चार दिवसांत माणसं एकमेकांशी दुसरं काही बोलत नाहीत. वाचनालयातले तक्ते कागदावरचेच. गुरुवारी अग्निशमन ठाण्याचा बाराचा भोंगा वाजेपर्यंत आणून द्यायचे, मग ते वर्तमानपत्रांच्या मांडणीशेजारच्या भिंतीवर टाचायचे, आणि रोज संध्याकाळी कोण पुढे, कोण मागे याची यादी सगळ्यांना मेलनं पाठवायची. जिंकणाऱ्याचं नाव शाळेच्या जुन्या व्यायामशाळेतून आणलेल्या फळीवर रंगवलं जाई. बक्षीस म्हणाल तर एवढंच, पण त्या फळीवर नाव नसलेले काही लोक मरताना हळहळले आहेत, असं मिसेस कुंकेल शपथेवर सांगत.

वर्लिन स्टेमलेचं नाव फळीवर नव्हतं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, त्यातली एकतीस वर्षं शाळेची बस चालवण्यात गेलेली. टेसाही त्याच्याच बसमधून शाळेत गेली होती. त्याची तक्ता भरायची पद्धत गावात चेष्टेचा विषय होती. संघ चांगला की वाईट, उंच की ठेंगणा, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. रस्त्यांच्या नकाशांची जाड वही घेऊन बसायचा, कॉलेजपासून सामन्याच्या गावापर्यंतचे मैल मोजायचा, आणि ज्याला कमी मैल त्याला जिंकवायचा. अगदी अंतिम सामन्यापर्यंत.

"बसमध्ये जास्त बसलेलं पोर नेम धरू शकत नाही," तो म्हणे. "मी एकतीस वर्षं बघितलंय."

"अहो, ते विमानानं जातात, मिस्टर स्टेमले," टेसानं मागच्या वर्षी सांगून पाहिलं होतं.

"मग विमानतळावर कसे जातात? बसनंच ना?"

दरवर्षी तो खालून तिसरा-चौथा यायचा. दरवर्षी बुधवारी सकाळी दहाला वाचनालयात हजर व्हायचा, एका हातात पेन्सिलनं भरलेला तक्ता, दुसऱ्या हातात वाचनालयातल्या बायकांसाठी पर्सिमन नावाच्या रानफळाच्या पुडिंगचा डबा. पुडिंग बायको गेल्यापासून तो स्वतःच करत असे, आणि बायकोपेक्षा बरं करत असे, पण हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

या वर्षी बुधवारी दहा वाजले, अकरा वाजले. वर्लिन आला नाही.

टेसाच्या लक्षात आलं. तिच्या सगळंच लक्षात यायचं, तोच तर तिचा त्रास होता. शेगडी बंद केली का हे ती तीनदा पाहायची, ओपलच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची, जिन्यावरच्या फाटकाची कडी लावून परत येऊन ओढून बघायची. गेले आठ दिवस ओपलचा कान दुखत होता. कोल्बी फर्निचरच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करत होता. टेसाला थकव्यानं इतकी झोप येत होती, की कुठंही टेकलं तरी डोळे मिटत, आणि मिटले की लगेच भीतीनं उघडत.

बुधवारी दुपारी डॉक्टरांकडून येताना गाडीत बसूनच तिनं वर्लिनच्या घरी फोन लावला. त्याच्याकडे भिंतीवरचा जुना फोन होता, निरोप ठेवायची सोय नव्हती. फोन वाजत राहिला. मागच्या सीटवर ओपल किंचाळत होती. टेसानं ठेवून दिला.

गुरुवारी अकरा चाळीसला टेबलावर त्रेचाळीस तक्ते होते. चव्वेचाळिसावा वर्लिनचा.

विसरला असेल, तिला वाटलं. किंवा त्याचा तो खटारा ट्रक पुन्हा बंद पडला असेल. मग तिला वाटलं, सव्वीस वर्षांत एकदाही न चुकलेल्या माणसाचं नाव आपल्या पहिल्याच वर्षी भिंतीवर नसावं, हे बरं दिसत नाही. आणि त्याचं उत्तर तर ठरलेलंच होतं. मैल मोजायचे, कमी मैलवाल्याला पुढं ढकलायचं. फोनवरच्या नकाशात ते कुणालाही जमलं असतं. कोरा कागद घेतला आणि ती बसली. सतरा मिनिटं लागली. कितीतरी दिवसांत सुरू करून पूर्ण झालेलं ते तिचं पहिलं काम होतं, आणि खरं सांगायचं तर कागदावर त्याचं नाव घालताना तिला बरंच वाटलं. कुणासाठी तरी काहीतरी नीट केल्यासारखं.

भोंगा वाजला. तिनं चव्वेचाळीस तक्ते भिंतीला टाचले.

त्या दिवशी आक्रीत झालं. दोन मोठे, नावाजलेले संघ पहिल्याच फेरीत गारद झाले. दोन्ही खंडाच्या दुसऱ्या टोकाहून आलेले. गुरुवारच्या यादीत वर्लिन तिसरा, शुक्रवारच्या यादीत पहिला. यादीच्या मेलला उत्तरांचा पाऊस पडला. "म्हाताऱ्यानं नकाशा दाखवला सगळ्यांना!" "वर्लिन, पुढच्या वर्षी मला बसमध्ये घे रे." "कुणीतरी त्याची ती वही चोरा."

वर्लिनच्या समोरच्या घरातला डेल रुकर शुक्रवारी दुपारी पुस्तकं परत करायला आला. भिंतीपाशी उभा राहून त्यानं शीळ घातली.

"हा माणूस आता वर्षभर माझं डोकं खाणार," तो टेसाला म्हणाला. "मी सत्ताविसावा. माझा पुतण्या कॉलेजात खेळायचा, आणि मी सत्ताविसावा."

"तुम्हाला भेटले का ते?" टेसानं विचारलं.

"कुठला भेटतोय. कचऱ्याचा डबा बुधवारपासून तसाच रस्त्यावर आहे. भाचीकडे गेला असेल इव्हान्सव्हिलला, मोठ्या टीव्हीवर सामने बघायला. जातो ना कधीकधी." डेलनं वर्लिनच्या नावावर बोटानं टिचकी मारली. "तक्ता देऊन गेला आणि मला साधं सांगितलं नाही. जिंकणाऱ्यांची मस्ती, दुसरं काय."

त्या क्षणी टेसा बोलू शकली असती. अहो, तक्ता त्यांनी दिला नाही, मी भरलाय, एवढं एक वाक्य. पण काउंटरवर दोघं जण खोळंबले होते, फोनवर पाळणाघराची मावशी सांगत होती की ओपलला पुन्हा ताप आहे, आणि डेलच्या बोलण्यात सगळं बसतही होतं. भाचीकडे गेला. म्हणून आला नाही. म्हणून फोन उचलला नाही. तिनं पाळणाघराला "निघालेच" म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळी साडेदहाला मिसेस कुंकेल आल्या. निवृत्त झाल्यापासून त्या दर शनिवारी यायच्या आणि कपाटांतली पुस्तकं कुणी वाकडी लावलीत ते बघून जायच्या. आधी भिंतीपाशी गेल्या. चष्मा कपाळावर चढवून वर्लिनच्या तक्त्याला नाक लावलं.

"टेसा."

"हं?"

"मैल कुठं आहेत?"

"कसले मैल?"

"अगं, तो प्रत्येक नावापुढं मैल लिहितो. बारीक आकड्यात. एकशे बारा, चारशे सहा. सव्वीस वर्षं लिहितोय. इथं एकही आकडा नाही." त्यांनी चष्मा खाली केला. "आणि हे पेननं लिहिलंय."

टेसा काउंटरमागून पुढं आली. "त्यांचा आला नव्हता. मी भरला. त्यांच्याच पद्धतीनं भरला, मिसेस कुंकेल, एकही संघ माझ्या मनानं..."

"तो आला होता का इथं? या आठवड्यात?"

"नाही."

"बोलणं झालं?"

"फोन केला होता. बुधवारी."

"उचलला?"

टेसानं नकारार्थी मान हलवली. मिसेस कुंकेल ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. काउंटरवरचा फोन उचलून त्यांनी डेलचा नंबर पाठ असल्यासारखा फिरवला.

"डेल, मागच्या दारानं जा. कुलूप असेल तर काच फोड. नाही, भाचीकडे नाहीये तो. मी सांगते म्हणून जा."

मग दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. बालविभागात कुणीतरी आपल्या मुलाला बदकांची गोष्ट वाचून दाखवत होतं. टेसा म्हणाली, "मला तेव्हाच नीट सांगायचं होतंत. का रिकामी ठेवायची ते."

"दोन वेळा झालंय असं," मिसेस कुंकेल म्हणाल्या. "एकदा हर्शेल, एकदा ती टपालातली बाई. भिंतीवर जागा रिकामी दिसली, आणि कोणीतरी उठून बघायला गेलं."

"मग हेच सांगायचं ना!"

"कुणाला सांगू? गावाला कळलं असतं तर अर्ध्या मेल्यांनी मुद्दाम उशीर केला असता, आपल्याकडे कोण येतं ते बघायला." त्या बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "तुला सांगायला हवं होतं. ते खरं आहे."

डेलचा फोन अकरा वाजून दहा मिनिटांनी आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

वर्लिन तळघरात होता, जिन्याच्या पायथ्याशी. बुधवारी सकाळी खालच्या फ्रीजरमधून पुडिंग आणायला उतरताना पाय घसरला. खुबा मोडलेला. डबा घरंगळत भिंतीला जाऊन टेकलेला. कपडे धुण्याच्या यंत्राची नळी गळायची म्हणून त्यानं खाली एक पसरट भांडं ठेवलं होतं. रुमाल त्यात बुडवून तो चोखत होता, म्हणून जिवंत राहिला.

बुधवार सकाळ ते शनिवार सकाळ. टेसानं बोटांवर मोजलं आणि मग मोजायचं थांबवलं.

रविवारी दुपारी ओपलला कोल्बीकडे ठेवून ती इव्हान्सव्हिलच्या रुग्णालयात गेली. पन्नास मैल. वाटेत रडायचं असं तिनं ठरवलं होतं, पण रडूही आलं नाही, फक्त डोळे चुरचुरत राहिले. भाची खोलीबाहेर कॉफी घेऊन उभी होती. मूत्रपिंडं दमलीत, म्हणाली. डायलिसिसच्या यंत्रावर घ्यायचं का ते उद्या ठरेल. खुब्याचं नंतर. आधी हे निभावलं पाहिजे. "पाच मिनिटं बस. बोलू नको म्हटलं तरी बोलतोय."

वर्लिन गादीत बुडाल्यासारखा पडला होता. ओठांवर भेगा. टेसाकडे बघून त्यानं डोळे बारीक केले.

"तिसऱ्या थांब्यावरची पोर," तो म्हणाला. "डबा रोज विसरायची."

"हो. मीच."

"माझा तक्ता तू भरलास म्हणे."

"हो, मिस्टर स्टेमले." तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. "मला माफ..."

"जिंकतोय का?"

"पहिले आहात."

त्याच्या छातीतून काहीतरी खरखरलं. हसत होता. मग हसणं थांबलं.

"फोन वाजला होता," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी. बारा वेळा. तू होतीस?"

"मीच होते."

"वाटलंच. बाकी कोणी एवढं वाजवत नाही." त्यानं जीभ ओठांवरून फिरवली. टेसानं बर्फाचा तुकडा चमच्यानं त्याच्या तोंडात घातला, ओपलला भरवते तसा, हनुवटीखाली हात धरून. "खाली काही कळत नाही गं. उजेड नाही. पण भोंगा ऐकू येतो. गुरुवारचा भोंगा ऐकला आणि म्हटलं, चला. आता भिंतीवर माझी जागा रिकामी दिसेल. आता येतील."

टेसाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"मग शुक्रवारचा वाजला," वर्लिन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकलेल्या माणसाचं नुसतं नवल होतं. "मला कळेना. म्हटलं, सगळे एवढे विसरले?"

"कोणी विसरलं नव्हतं," टेसा म्हणाली. "मी तुमचं नाव लावलं होतं. सगळ्यांना वाटलं तुम्ही आहात."

त्यानं यावर विचार केला. मग त्याचे डोळे मिटायला लागले. "मैल तरी नीट मोजलेस का," तो पुटपुटला, आणि भाची आत आली.

टेसा खाली येऊन गाडीत बसली. चावी लावली नाही. शेजारच्या सीटवर बुटांचा खोका होता, शनिवारी वाचनालयातून निघताना का कुणास ठाऊक, उचलून आणलेला. मागच्या वर्षीचे तक्ते मिसेस कुंकेलनी दोऱ्यानं बांधून ठेवले होते. आपण वर्लिन आला नाही हे पाहिलं, कारण वर्लिनला सगळेच ओळखतात, पण मागच्या वर्षीचं आणखी कोण आलं नाही? तिनं गाठ सोडली आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. सत्तेचाळीस. या वर्षीचे खरे त्रेचाळीस. म्हणजे चार कमी. एक वर्लिन. एक जण ऑक्टोबरमध्ये वारला, त्याच्या दफनाला ती गेली होती. एक मुलाकडे टेक्सासला कायमचा गेला. चौथं नाव वाचून तिला चेहरासुद्धा आठवेना. तिनं नंबर शोधून फोन लावला. या वेळी वाजण्याची मोजदाद केली. वीस झाले. पुन्हा लावला. पुन्हा वीस. पोलिसांना लावला, तिथला माणूस म्हणाला, एकच गाडी आहे आणि ती महामार्गावरच्या अपघातावर अडकलीय, मोकळी झाली की पाठवतो.

मग तिनं गुडघ्यावर फोन ठेवून रविवारची यादी लिहायला घेतली. आकडे घातले नाहीत.

"सगळ्यांना,

वर्लिन स्टेमले यांचं नाव यादीतून काढलं आहे. तो तक्ता त्यांनी दिलेला नव्हता. तो मी भरला होता, कुणाला न सांगता, आणि त्यामुळे तुम्हा सगळ्यांना ते ठीक आहेत असं वाटलं. ते ठीक नव्हते. तीन दिवस तळघरात पडून होते. आज इव्हान्सव्हिलच्या रुग्णालयात आहेत, उद्या काय होईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. चूक माझी आहे, डेलची नाही, मिसेस कुंकेलची तर नाहीच. मला काय बोलायचं ते वाचनालयात येऊन बोला, मी उद्या तिथंच आहे.

पण ते उद्या. आत्ता दुसरं काम आहे. मागच्या वर्षी आयरीन हेगडॉर्न यांनी तक्ता दिला होता, या वर्षी दिला नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. त्या एकट्या राहतात, जुन्या चुनखडीच्या खाणीच्या रस्त्याला, हिरव्या छपराच्या घरात. फोन उचलत नाहीत. पोलिसांची गाडी कधी येईल ते नक्की नाही, आणि मी पन्नास मैलांवर आहे. हे वाचणाऱ्यांपैकी जो कुणी त्या रस्त्याच्या जवळ असेल, त्यानं दुसरा कुणी गेला असेल असं धरू नये. सामना चालू असेल तर चालू राहू दे. उठा, जा, दार वाजवा, आणि उघडलं नाही तर मागच्या दारानं आत जा. मी फोन हातात धरून बसले आहे."